ड्रायव्हरची झोप गेली कुठं: नाका, घाट, क्लीनर आणि सहापदरी रस्ता

पेपरात बातमी येते तेव्हा वाक्य ठरलेलं असतं, "चालकाचा ताबा सुटल्याने". एफआयआरमध्ये पण ठरलेलं, "भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने". झोप लागली हे सहसा कुठंच लिहिलेलं नसतं, ते फक्त चहाच्या टपरीवर ऐकू येतं, डोळा लागला असंल गड्याचा, आणि का लागला हे तिथं कुणी विचारत नाही कारण सगळ्यांना माहिती असतं. मी स्वतः नऊ वर्षं गाडी चालवली, आता सांगलीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसतो, आणि माझे आबा माझ्या आधी तीसेक वर्षं ह्याच रोडला होते, म्हणून जरा मागनं सुरुवात करतो. माझं म्हणणं एवढंच की ड्रायव्हरला झोप कायद्यानं कधी दिलीच नाही, ती दिली होती रस्त्याच्या अडचणींनी, आणि अडचणी गेल्या तशी झोप पण गेली.

आबांच्या काळात गाडी म्हणजे टाटाची १२१० नाहीतर लेलँडची कॉमेट. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९५४ ला डेमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, त्यातनं पुढं आलेल्या ह्या टाटा गाड्या. कंपनीतनं यायची ती नुसती चासी, ड्रायव्हर गॉगल लावून आणि तोंडाला टॉवेल गुंडाळून उघड्यावर बसून ती घेऊन यायचा आणि केबिन बांधायची इथल्या बॉडीवाल्यानं, लाकूड-पत्र्याची, मालकाचा खिसा असंल तशी. इंजिन निम्मं केबिनच्या आत, बॉनेटवर गोधडी टाकून त्यावर क्लीनर बसलेला, उन्हाळ्यात ड्रायव्हरचा डावा पाय शेकून निघायचा. पॉवर स्टेअरिंग नाही, लोड गाडी वळवायची तर सीटवरनं अर्धं उठून अंगाचा जोर लावायचा. म्हणजे अंगमेहनत आजच्यापेक्षा जास्तच होती, जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही.

पण गाडी थांबायची लय. खंबाटकी चढताना इंजिन तापायचं, मग घाटात खामजाईच्या देवळापाशी गाडी कडंला, क्लीनरनं मागच्या चाकाला दगड लावायचा, रेडिएटरला पाणी, आणि इंजिन गार होईस्तोवर ड्रायव्हर आडवा. पुढं कात्रजला परत तेच. सिंगल रोडला समोरनं गाड्या अडकल्या की तास-दोन तास तिथंच. प्रत्येक शहराच्या तोंडाशी जकात नाका, बिल्टी म्हणजे मालाची पावती दाखवा, जकात भरून पावती फाडा, साहेब जेवायला गेलेत, थांबा. सगळे वैतागायचे, आबा पण शिव्या घालायचे, पण त्या रांगेत गाडी उभी करून क्लीनरला "पुढची हलली की उठव" सांगून स्टेअरिंगवर डोकं टेकवायचे. तासाभराची झोप व्हायची. कुणी ती झोप म्हणून मोजली नाही आणि मालकानं पण कधी विचारलं नाही, नाक्यावर गाडी अडकली हे कारण सगळ्यांना चालायचं.

आता कायदा काय म्हणत होता ते बघा, कारण कायदा नव्हता असं कुणी म्हणू नये. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच ड्रायव्हरच्या तासांवर मर्यादा होती. मग १९६१ ला मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा आला, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांबच्या रूटला परवानगी घेऊन दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, एका दिवसाची ड्युटी संपून दुसऱ्या दिवसाची लागेस्तोवर मधी सलग नऊ तासांची सुट्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पण ह्याच कायद्याकडं बोट दाखवलंय, आणि २०२० च्या कामगार संहितेत तो सामावून घेतला. कागदावर एक नंबर. पण १९६१ चा कायदा लागू कुठं होता, तर जिथं पाच किंवा जास्त कामगार होते तिथं, आणि आमच्याकडं मालक म्हणजे कोण, तर एक-दोन गाड्यांचा, एक स्वतः चालवतो, दुसरीवर भाच्याला बसवलाय. त्याच्याकडं हजेरी रजिस्टर कुठलं आणि ड्युटी चार्ट कुठला.

एसटीचं उदाहरण घ्या म्हणजे फरक कळतो. १९४८ ला एसटी सुरू झाली, डेपो आले, युनियन आली, ड्युटी लागली, आणि मुक्कामी गाडी ही चीज आली. मुक्कामी ड्रायव्हर गावात झोपतो आणि सकाळची पहिली फेरी घेऊन निघतो. तिथं पण तक्रारी आहेत, मुक्कामाच्या जागेला पंखा नाही, ढेकूण आहेत, सगळं खरं, पण झोप हा ड्युटीचा भाग आहे हे निदान मान्य झालं. ट्रकवाल्याला ते कधीच नाही, त्याला पैसे फेऱ्यावर मिळतात, आणि जो माणूस फेऱ्यावर पैसे घेतो त्याची झोप त्याच्याच खिशातनं जाते.

नॅशनल परमिटच्या गाडीला मात्र नियमानंच दोन ड्रायव्हर लागायचे, आणि दुसऱ्याला आडवं होऊन झोपता येईल अशी सीट पाहिजे असं नियमात चक्क लिहिलेलं होतं. मी लाईनला लागलो तेव्हा आमच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर फक्त कागदावर होता, खरं म्हणजे तो शिराळ्यात गुऱ्हाळावर गूळ करत होता. २०१८ ला ती दोन ड्रायव्हरची अट काढून टाकली, म्हणजे जे चाललंच होतं त्यावर शिक्का बसला. क्लीनरचं पण तसंच झालं, पगार परवडत नाही, पोरं मिळत नाहीत, आणि २०२५ च्या वाहतूकदारांच्या संपात तर क्लीनरची सक्ती काढा हीच एक मागणी होती. मालकाच्या बाजूनं बघितलं तर मला ती मागणी कळते. पण क्लीनर म्हणजे नुसता काच पुसणारा आणि रस्सा आवळणारा नव्हता हो, रात्री तीनला बडबड करणारा माणूस होता तो. आबांचा क्लीनर त्यांना गावातल्या भानगडी तिखट-मीठ लावून सांगायचा, त्याचं अर्धं काम तेच.

मग रस्ता सुधारला. सुवर्ण चतुष्कोनात आमचा हायवे चौपदरी झाला, तेव्हाचा एनएच ४, आताचा ४८, पुढं पुणे-सातारा सहापदरीचं काम निघालं. खंबाटकीला पुण्याकडं जाणाऱ्यांना बोगदा मिळाला, घाट चढायचं कामच राहिलं नाही. इंजिनं सुधारली, तापायची बंद झाली. जकात टप्प्याटप्प्यानं गेली, २०१७ ला जीएसटी आल्यावर बऱ्याच राज्यांनी सीमेवरचे करवसुलीचे नाके उठवले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासनं फास्टॅग सक्तीचा झाला. एक एक गोष्ट चांगलीच, मी कशालाच नाव ठेवत नाही. फक्त वाचलेला सगळा वेळ पार्टीनं, म्हणजे माल मागवणाऱ्या व्यापाऱ्यानं घेतला. आधी सांगलीची हळद नाहीतर तासगावचा बेदाणा दोन दिवसांनी पोचला तरी चालायचं, आता उद्या सकाळी पाहिजे. गंमत म्हणजे ई-वे बिल म्हणजे मालाबरोबर ठेवायचा सरकारी ऑनलाईन कागद, त्याची मुदत ठरवायच्या नियमात सरकार स्वतः दिवसाला दोनशे किलोमीटर धरतं, आणि आमच्याकडनं द्राक्षाची गाडी रात्री साडेनऊला सुटली की पहाटे बाजार उघडायच्या आत वाशीला लागली पाहिजे, पावणेचारशे किलोमीटर, एका रात्रीत. सेव्हलाईफ फाउंडेशननं २०२० ला दहा शहरांतल्या हजारावर ड्रायव्हरांना विचारून अहवाल काढला होता, त्यात दिवसाला सरासरी बारा तास आणि ४१७ किलोमीटर निघाले, आणि जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की दमलेलो असलो, झोप येत असली तरी चालवतो. बाकीचे निम्मे खरं बोलले का ते मला विचारू नका.

त्यात शरीराचं आपलं एक घड्याळ आहे, ते पार्टीला विचारून चालत नाही. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर झापड येतेच, रात्रीची सवय असलेल्या माणसाला पण येते. ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड ह्यांनी १९९७ ला तपासलं होतं, सतरा तास सलग जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा चुकतो, चोवीस तासांनी साधारण ०.१० टक्क्याइतका. आपल्याकडं दारूची मर्यादा ०.०३ आहे. आता हिशोब करा, सकाळी सहाला उठलेला ड्रायव्हर दिवसभर लोडिंगला उन्हात उभा, वराईवरनं म्हणजे हमालीच्या पैशावरनं भांडण, ताडपत्री बांधणं, आणि रात्री अकराला कराड ओलांडतो तेव्हा सतरा तास भरलेले असतात आणि निम्म्याहून जास्त रस्ता अजून पुढं आहे. तोंडाला नळी लावून दारू तपासता येते, झोप कशी तपासणार.

माझं स्वतःचं सांगतो. शिरवळच्या अलीकडं, पावणेचार वाजले असतील, गाडीत साखर. मला आठवतंय मी समोरच्या टँकरचा लाल दिवा बघत होतो. मग एकदम दुभाजकातली कण्हेर उजव्या आरशावर फटाफट बसायला लागली, त्या आवाजानं जागा झालो. मधलं काहीच आठवत नाही. डोळे मिटलेत असं पण वाटलं नव्हतं, मला वाटत होतं मी दिवाच बघतोय. साठच्या स्पीडला चार सेकंद म्हणजे पासष्ट-सत्तर मीटर गाडी बिनड्रायव्हरची गेली. गाडी कडंला घेतली, हात थरथरत होते, आणि पहिला विचार काय आला तर उशीर होणार आणि भाड्यातनं कापणार.

झोप घालवायचे उपाय सगळे करून झालेत, मानेवर ओला टॉवेल, डोळ्याखाली बाम, हिरवी मिरची चावायची, तंबाखूचा बार, काच खाली करून गार वारा, टेप मोठ्यानं. ऊसाच्या सीझनला डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर रात्री कर्णा लावून गाणी वाजवत जातात त्याला लोक शिव्या देतात, पण त्यातल्या निम्म्यांची ती झोप मारायची धडपड असते. आणि खरं सांगायचं तर त्याचा उपयोग थोडाच. इंग्लंडात लफबरो विद्यापीठात हॉर्न आणि रेनर ह्यांनी गार वारा आणि रेडिओ दोन्ही तपासले, थोडा वेळ बरं वाटतं एवढंच निघालं. कामाला येतं ते कॉफी आणि पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, आणि कॉफी आधी प्यायची, कारण ती अंगात चढायला अर्धा तास लागतो, तोवर झोपून घ्यायचं. चहानं पण काम होतं, फक्त कडक पाहिजे.

युरोपात हे कधीच ओळखलं, टॅकोग्राफ नावाचं यंत्र १९७० च्या नियमानं आलं, साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, दिवसाला नऊ तास, आणि यंत्रात नोंद असल्यानं मालकाला पण खोटं बोलता येत नाही. आपल्याकडं २०२१ ला गडकरी साहेबांनी ट्रक ड्रायव्हरचे तास ठरवायला पाहिजेत, झोप ओळखणारे सेन्सर पाहिजेत असं म्हटलं होतं. तासांचं अडलंय, पण केबिनचा एसी आला, १ ऑक्टोबर २०२५ पासनं बनणाऱ्या मोठ्या ट्रकला तो सक्तीचा आहे. डावा पाय शेकून निघालेल्या आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, गार केबिनीत झोप अजून चांगली लागंल की रं, गाडी उभी कुठं करू देणार ते सांग. बरोबर आहे त्यांचं, हायवेला ढाब्यासमोर लावली तर जेवणाचं बिल केलं पाहिजे, कडंला लावली तर पोलीस काठी वाजवतात नाहीतर डिझेल चोरीला जातं.

यंत्र आमच्याकडं पण आहे म्हणा. गाडीला जीपीएस लावलाय, वीस मिनिटं उभी राहिली की माझ्या मोबाईलवर टुंग वाजतं आणि मी फोन लावायचा, गाडी का थांबलीय. हे माझंच काम आहे, त्याचाच पगार घेतो. मागच्या द्राक्षाच्या सीझनला खंडाळ्याजवळ एक गाडी थांबली, तीन वाजून दहा मिनिटं. मी नंबर काढला आणि मोबाईल उपडा ठेवून दिला. चारला गाडी आपली आपण हलली. मालकाला सकाळी सांगितलं, पंक्चर होती.