खाऱ्या किनाऱ्यावरील जेरुसलेम आर्टिचोक : पार्श्वभूमी

जेरुसलेम आर्टिचोक हे उत्तर अमेरिकेतील कंदपीक सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात गेले. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये बटाटा मिळेनासा झाल्यावर ते घरोघरी शिजले आणि युद्धानंतर टंचाईची आठवण म्हणून मागे पडले. खाऱ्या किनाऱ्याशी त्याचे नाव जोडले गेले ते मात्र अलीकडे, आणि मुख्यतः चीनच्या शांतुंग व च्यांग्सू या प्रांतांत.

तेथील संशोधकांनी समुद्राचे पाणी गोड्या पाण्यात मिसळून या पिकाला देऊन पाहिले. मिश्रणात चौथा हिस्सा समुद्राचे पाणी, म्हणजे लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम क्षार, असतानाही कंद धरले. हिस्सा निम्म्यावर नेल्यावर वाढ खुंटली. हे पीक क्षार सोसते, पण क्षारांवर पोसले जात नाही. लागवड वसंतात होते आणि नेमक्या त्याच कोरड्या दिवसांत जमिनीतील ओल वर चढून सुकते, सरींच्या माथ्यावर पांढरी पापडी धरते. कोवळ्या कोंबाला पहिली झुंज त्या पापडीशीच द्यावी लागते. पावसाळ्यात क्षार खाली झिरपले की मग झाड उभारी धरते.

२००७ च्या सुमारास चीनने धान्यापासून इथेनॉल बनवण्यावर मर्यादा आणल्या. माणसाच्या तोंडचे धान्य आणि धान्याखालची जमीन इंधनाने घेऊ नये, असे धोरण ठरले; इंधनाची पिके पडीक जमिनीत घ्यायची होती. कंदात साठलेल्या इन्युलिन या पिष्टासारख्या पदार्थापासून फ्रुक्टोज ही साखर आणि त्यापासून मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, काढता येत असल्याने या पिकाला एकाएकी महत्त्व आले. पण त्या धोरणाचा सारा भार ‘पडीक जमीन’ या एका शब्दावर होता, आणि तो शब्द कधीच नीट तपासला गेला नाही. वर्षानुवर्षे पीक न घेतलेले जुन्या समुद्रबांधाआतले खारवट शेत पडीक, आणि नवा बांध घालून समुद्राकडून घेतलेली चिखलवटही पडीक, अशी सरमिसळ झाली. यातली दुसरी जमीन पडीक नव्हतीच. भरती-ओहोटीच्या त्या चिखलातले किडे आणि शिंपले खाऊन हजारो मैलांचा प्रवास करणारे पक्षी पुढच्या उड्डाणाची ताकद मिळवतात. २०१८ मध्ये चीनने समुद्र हटवून जमीन काढण्यावर कडक निर्बंध घातले आणि २०१९ मध्ये च्यांग्सूच्या किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या अधिवासांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. निर्बंधांचा निर्णय दहा वर्षे आधी व्हायला हवा होता.

उरली जुन्या बांधाआतली जमीन. तिथे या पिकाची दाट सावली बाष्पीभवन रोखते, त्यामुळे क्षार वर येण्याचे प्रमाण घटते, आणि पावसाच्या पाण्याने माती हळूहळू गोडी होत जाते. माती गोडी झाली की शेतकरी साहजिकच गहू किंवा भाताकडे वळतो. मग काढणीत हातून सुटलेले बोटभर कंद पुढच्या वसंतात त्याच गव्हातून कोंब काढतात आणि तण म्हणून उपटले जातात.