आधीच हात बांधून घेणारी कबुतरं

कबुतराला संयम असतो का? १९७२ मध्ये हॉवर्ड राक्लिन आणि लिओनार्ड ग्रीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे चक्क तपासून पाहिलं. पिंजऱ्यात दोन बटणं. एकावर चोच मारली की दाणे लगेच मिळायचे, पण दोनच सेकंद. दुसऱ्यावर मारली की आधी चार सेकंद अंधार, मग चार सेकंद दाणे. म्हणजे जरा थांबलं की दुप्पट खाणं. कबुतरं काही थांबली नाहीत. जवळपास दर वेळी त्यांनी समोरचे दाणे टिपले.

इथवर नवल नाही. खरी गंमत पुढे आहे. संशोधकांनी या निवडीच्या काही सेकंद आधी आणखी एक निवड ठेवली. एक बटण दाबलं तर पुढे वरचे दोन्ही पर्याय खुले. दुसरं दाबलं तर पुढे फक्त थांबण्याचाच पर्याय, मोहाचं बटण बंद. दोन निवडींमधलं अंतर अगदी कमी असताना कबुतरं पहिल्याकडे वळत. ते सोळा सेकंदांपर्यंत वाढवत नेलं, तशी तीच कबुतरं दुसऱ्याकडे वळू लागली. मोह दूर होता तोवर त्यांनी स्वतःच तो रस्ता बंद करून टाकला.

आपले संकल्प मोडतात तेव्हा ‘इच्छाशक्ती कमी पडली’ असं सरसकट म्हटलं जातं. मला हे निदान आळशी वाटतं. आज हजार रुपये की उद्या अकराशे, असं विचारलं तर बरेच जण आजचे हजार घेतील. तीस दिवसांनी हजार की एकतिसाव्या दिवशी अकराशे, असं विचारलं तर तेच लोक ऐटीत सांगतील, ‘एक दिवस थांबू की!’ फरक दोन्हीकडे एकाच दिवसाचा. पण हाताशी आलेल्या गोष्टीची किंमत मनात एकदम फुगते. महिनाभर आधी ठरवणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला तेव्हा खरंच तसं वाटत असतं. ऐन वेळी त्याचं मत बदलतं, इतकंच.

मग उपाय उघड आहे: मत बदलायच्या आत स्वतःला बांधून घ्यायचं. आपल्याकडे हे जुनंच. गावात एखाद्याने वारकऱ्यांची तुळशीची माळ घातली की मटण आणि दारू दोन्ही सुटतं. पण माळेचं खरं काम हळदीच्या रात्री दिसतं. मंडपामागे मित्रांचं टोळकं जमलेलं असतं, बाटली फिरत असते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘त्याला नको रे, माळकरी आहे तो.’ विषय संपला. त्याला नाही म्हणावंच लागत नाही. श्रद्धेचा भाग आहेच, तो मी कमी लेखत नाही. पण नुसत्या मानसशास्त्राच्या नजरेने पाहिलं तरी ही व्यवस्था अफलातून आहे. निर्णय एकदाच होतो, चारचौघांत होतो, आणि तो मोडायचा तर चारचौघांतच मोडावा लागतो.

पैशाच्या बाबतीत माणसं अशी बंधनं खरंच मागून घेतात का? सुप्रीत कौर, मायकेल क्रेमर आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी हे म्हैसूरच्या एका डेटा एंट्री कंपनीत पाहिलं. प्रयोग तेरा महिने चालला. कामगारांना जेवढं काम तेवढे पैसे, पगार आठवड्याने. त्यांना विचारलं, आज स्वतःसाठी लक्ष्य ठरवता का? लक्ष्य गाठलं तर नेहमीचाच दर, जादा एक पैसा नाही. हुकलं तर दर निम्मा. गणित मांडणारा कुणीही म्हणेल की असला करार मूर्खच घेईल. पण तिथल्या कामगारांनी साधारण एक तृतीयांश वेळा तो आपणहून घेतला. पगाराचा दिवस जवळ आला की त्यांचं काम वाढायचं आणि तो सरला की ढिलं पडायचं. ज्यांच्यात ही भरती-ओहोटी जास्त होती तेच लक्ष्य जास्त मागत होते. त्यांना स्वतःची खोड ठाऊक होती.

हे वाचताना मला भिशी आठवते. बारा जणी, महिन्याला दोन हजार, चिठ्ठी टाकून नंबर. जिचा नंबर पहिला तिला बिनव्याजी कर्ज मिळालं म्हणायचं. पण जिचा शेवटी लागतो तिचं काय? वर्षभर पैसे भरून तिला तेवढेच परत मिळतात. बँकेत आरडी केली असती तर व्याज तरी आलं असतं. तरी बायका भिशी सोडत नाहीत. आरडीचा हप्ता चुकला तर बँक फार तर किरकोळ दंड लावते. भिशीचा चुकला तर अकरा जणी दारात. संशोधक मेरी के गुगर्टी यांना पश्चिम केनियातल्या भिश्यांमध्ये हेच दिसलं: घरात एकट्याने पैसा साठत नाही, म्हणून माणसं गटात येतात. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या अभ्यासात आणखी एक कारण निघालं, आणि ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको: भिशीत गेलेला पैसा नवऱ्याच्या हाताला लागत नाही.

सगळ्यात कडक बंधन फिलिपिन्समध्ये तपासलं गेलं. सिगरेट सोडू पाहणाऱ्यांसमोर तिथल्या एका बँकेने प्रस्ताव ठेवला: सहा महिने खात्यात पैसे टाकत राहा, व्याज मिळणार नाही, शेवटी लघवीची तपासणी होईल. त्यात निकोटीन सापडलं तर सगळी रक्कम दानात जाईल. शंभरातल्या अकरा जणांनी होकार दिला. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना हा प्रस्ताव दिला त्या गटात, न दिलेल्यांपेक्षा शंभरात सुमारे तिघे जास्त तपासणीत पास झाले. ‘फक्त तीन?’ असं वाटेल. पण अकराच जण खातं उघडतात आणि फरक तिघांचा पडतो, हे कमी नाही. वर्षभराने अचानक पुन्हा तपासलं तेव्हाही तो टिकून होता.

मात्र बंधन अंगावरही येतं. फिलिपिन्समध्येच अर्थशास्त्रज्ञ ॲनेट जॉन यांनी बचतीचा असा करार अभ्यासला, ज्यात हप्ते चुकले तर दंड होता. करार घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक तो पाळू शकले नाहीत. म्हणजे बचत तर झाली नाहीच, वर दंड भरला. जॉन यांचं स्पष्टीकरण मला पटतं: आपण घसरतो एवढं लोकांना कळतं, पण किती घसरतो ते कळत नाही. मग ते बंधन घेतात खरं, पण आपल्याला धरून ठेवेल इतकं घट्ट घेत नाहीत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये सलग दिवसांची साखळी जपणं हे मला याच जातीचं वाटतं. साखळी तुटली तर कुणाचं काय बिघडतं?

आणि प्रत्येक राहून गेलेलं काम मोहामुळे राहतं असंही नाही. पुष्कळ कामं साधी विसरली जातात. तिथे दंड, माळ, भिशी काही नको. कधी आणि कुठे एवढं ठरवलं तरी पुष्कळ होतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ कशी गेली ते दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितलं. ज्यांनी लिहायला कधी, कुठे बसणार हे आधी नोंदवलं होतं त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेळेत पाठवलं. बाकीच्यांत एक तृतीयांशांनी.

अमेरिकेतल्या एका कंपनीत फ्लूच्या लशीसाठी हाच प्रयोग झाला, तेव्हा फरक बेताचा निघाला. कर्मचाऱ्यांना आलेल्या पत्रात ‘मी या तारखेला, इतक्या वाजता जाईन’ अशी रिकामी जागा ठेवली होती. ती कुणी तपासणारही नव्हतं. लस घेणाऱ्यांचं प्रमाण ३३ वरून ३७ टक्क्यांवर गेलं. नुसती तारीख विचारलेल्या पत्रांचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही. किती वाजता जाणार तेही लिहायला लावलं, तेव्हा झाला.