आफ्रिकी दैवतकथांवरची किशोर फॅण्टसी आणि तिचे चाहते

आफ्रिकेतील, त्यातही मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतील दैवते, लोककथा आणि मंत्रविधी यांच्या आधाराने किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारा वाचकवर्ग. इंग्रजी प्रकाशनविश्वात या वयोगटाला ‘यंग अडल्ट’, बोलताना नुसते ‘वायए’, म्हणतात. वाचणाऱ्यांत मात्र चाळिशी ओलांडलेलेही भरपूर असतात.

पात्राचा वेश करून संमेलनाला जाणे, पात्रांची चित्रे काढणे, कादंबरी संपल्यावर तिची पुढची गोष्ट स्वतःच लिहिणे, सिनेमाची घोषणा होण्याआधीच नटनट्या ठरवून टाकणे, रंगीत कडांची आवृत्ती निघाली म्हणून घरात असलेले पुस्तक पुन्हा विकत घेणे, हे प्रकार कोणत्याही फॅण्टसीच्या चाहत्यांत आढळतात. या शाखेत त्यात एक भर पडते. इथल्या अनेक वाचकांना पुस्तकातली नावे आधीपासून अर्धवट माहीत असतात. आजीच्या तोंडून ऐकलेली, कोणाच्या आडनावात दडलेली, चर्चमध्ये ‘हे आपले नव्हे’ म्हणून बाजूला सारलेली नावे अचानक नायिकेच्या तोंडी मंत्र म्हणून येतात. या चाहत्यांच्या उत्साहात म्हणूनच ओळख पटल्याचा आनंद मोठा असतो, आणि त्यांची भांडणेही बहुतेक त्यावरूनच होतात.

‘आफ्रिकी मिथक’ हा शब्द तसा फसवा आहे. ५४ देश आणि दोन हजारांच्या आसपास भाषा असलेल्या खंडाचे एकच पुराण असणार कसे? प्रत्यक्षात या कादंबऱ्यांत सर्वाधिक दिसते ते नायजेरिया-बेनिन भागातील योरुबा लोकांचे देवमंडळ. त्यातल्या देवतांना ओरिशा म्हणतात : मेघगर्जनेचा शांगो, लोखंडाचा ओगून, वादळवाऱ्याची आणि स्मशानाच्या वेशीची ओया, जलमाता येमोजा, वाटांवरचा खट्याळ निरोप्या एशू. त्याखालोखाल इग्बो समाजाच्या समजुती आणि घानातल्या अकान लोकांचा कोळीरूपी लबाड अनान्सी येतो. योरुबा दैवतांचे पारडे जड होण्याचे कारण इतिहासात आहे. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या लोकांनी ही दैवते सोबत नेली आणि ब्राझीलच्या कांदोम्ब्ले व क्यूबाच्या सांतेरिया पंथांत ती टिकवली. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहराच्या किनाऱ्यावर दरवर्षी २ फेब्रुवारीला येमोजाला फुले आणि अत्तर वाहतात. तिथे तिचे नाव येमांजा झाले आहे.

या साहित्यातील सर्वांत गाजलेले पुस्तकही याच वाटेने आले. टोमी आडेयेमी ही नायजेरियन आईवडिलांची, अमेरिकेत वाढलेली लेखिका. घरी तिला योरुबा शिकवली गेली नव्हती. हार्वर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकल्यावर अभ्यासवृत्तीवर ती साल्वादोरला गेली. तिथे पावसापासून आडोसा म्हणून एका भेटवस्तूंच्या दुकानात शिरली असता ओरिशांची चित्रे प्रथम दिसली, असे तिने मुलाखतींत सांगितले आहे. पूर्वजांचे देव असे परक्या देशात, दुकानाच्या फळीवर भेटावेत, हे त्या कादंबरीइतकेच अद्भुत वाटते. ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ ही तिची पहिली कादंबरी मार्च २०१८ मध्ये आली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या किशोर पुस्तकांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. आफ्रिकी महानायकावरचा ‘ब्लॅक पँथर’ चित्रपट फेब्रुवारीत लागला होता आणि त्याची हवा अजून ओसरली नव्हती, त्याचाही फायदा झाला. पुढच्या वर्षी कादंबरीला आंद्रे नॉर्टन आणि लोडस्टार हे किशोर अद्भुत साहित्यासाठीचे दोन्ही पुरस्कार मिळाले. मालिकेचा दुसरा भाग २०१९ मध्ये आणि तिसरा २०२४ मध्ये निघाला.

चाहत्यांनी या मालिकेतून काय उचलले हे पाहण्यासारखे आहे. कथेतले जादू जाणणारे लोक दहा कुळांत विभागलेले आहेत आणि आपले कूळ कोणते हे ठरवणे हा वाचकांचा आवडता खेळ. आता ही कुळांची नावे सरळ योरुबा शब्द आहेत : इकू म्हणजे मृत्यू, ओमी म्हणजे पाणी, इना म्हणजे अग्नी, एमी म्हणजे प्राण. ‘मी ओमी कुळातली’ असे मिरवणारी अटलांटाची किंवा लंडनची मुलगी नकळत चार शब्द शिकून जाते. पुढची पायरी उच्चारांची. योरुबा ही सुरांची भाषा आहे. लिहिताना अक्षरावर चढती-उतरती रेघ आणि खाली टिंब येते आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. कादंबरीतले मंत्र योरुबात असल्याने श्राव्य आवृत्ती ऐकून ते घोकणारे, आणि चुकीचा सूर लावणाऱ्याला टोकणारे, असे दोन्ही प्रकारचे चाहते तयार झाले.

दुसरी उचललेली गोष्ट केसांची. नायिका झेलीचे केस पांढरेशुभ्र आहेत आणि जादू परतते तसे ते अधिक कुरळे होत जातात. मुखपृष्ठावर हाच पांढरा केशसंभार आहे. काळ्या मुलींना शाळेत आणि नोकरीत नैसर्गिक केसांवरून बोलणी खावी लागतात. अशा भेदभावाला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला, तो अमेरिकेतल्या राज्यांमध्ये पहिलाच. अशा वातावरणात केसांचा कुरळेपणा म्हणजेच शक्ती ही कल्पना वाचणाऱ्या मुलीला कुठे जाऊन भिडत असेल, ते वेगळे सांगायला नको. पांढरा टोप घालून झेली बनणे हा या चाहत्यांचा ठरलेला वेश होऊन बसला.

हे सारे २०१८ मध्येच सुरू झाले असे समजणे मात्र चूक. डी. ओ. फागुन्वा यांनी १९३८ मध्येच योरुबा भाषेत भुताखेतांच्या अरण्यातून जाणाऱ्या शिकाऱ्याची कादंबरी लिहिली होती. तिचे इंग्रजी भाषांतर वोले सोयिंका यांनी १९६८ मध्ये केले. आमोस टुटुओला यांचे ताडीबाजाची भ्रमंती सांगणारे पुस्तक १९५२ चे. बेन ओक्री यांना १९९१ मध्ये बुकर मिळाले ते आबिकूच्या कथेसाठी. आबिकू म्हणजे पुन्हा पुन्हा जन्म घेऊन लहानपणीच मरणारे मूल. अशा मुलाला योरुबा लोक ‘कोकुमो’, म्हणजे ‘आता मरणार नाही’, असे नाव ठेवतात. मुले जगत नाहीत म्हणून पुढच्याला दगडू नाहीतर धोंडू म्हणणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

किशोर वाचकांसाठी वाट पाडली ती न्नेडी ओकोराफोर यांनी. इग्बो आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या या लेखिकेची ‘अकाटा विच’ २०११ मध्ये आली. रंगहीन त्वचेची, उन्हात न जाऊ शकणारी बारा वर्षांची सनी, तिचा मंत्रज्ञांचा गुप्त समाज आणि न्सिबिडी ही आग्नेय नायजेरियातली खरीखुरी चिन्हलिपी असा तिचा ऐवज. ‘आफ्रिकेतला हॅरी पॉटर’ हे बिरुद तिला लगेच चिकटवले गेले. ते प्रकाशकांच्या सोयीचे असले तरी पुस्तकाला न्याय देत नाही. खरी गंमत शीर्षकात आहे. ‘अकाटा’ हा नायजेरियात अमेरिकी काळ्यांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द. त्यामुळे नायजेरियातल्या प्रकाशकाने २०१३ मध्ये तीच कादंबरी ‘व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स’ या वेगळ्या नावाने काढली. एकाच पुस्तकाचे चाहते दोन किनाऱ्यांवर त्याला दोन नावांनी ओळखू लागले.

२०१९ नंतर पुस्तकांची रांगच लागली : रोझॅन ब्राउन, जॉर्डन इफुएको, नमीना फोर्ना, आयाना ग्रे, येमोजाची कथा घेणाऱ्या नताशा बोवेन. सगळ्याच कादंबऱ्या सारख्या ताकदीच्या नाहीत. राजवाडा, निवडलेली नायिका, शत्रूवरच प्रेम हा साचा तोच ठेवून वरून आफ्रिकी नावे चिकटवल्याचा आरोप काहींवर होतो आणि तो अगदीच निराधार नाही.

अधिक खोल आक्षेप ‘मिथक’ या शब्दालाच आहे. ओरिशांची पूजा आजही चालते. नायजेरियातल्या ओशोग्बो गावची ओशुन नदीदेवतेची देवराई २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे दर ऑगस्टला मोठी जत्रा भरते. खंडोबाला कोणी ‘मिथकातले पात्र’ म्हटले तर जेजुरीत काय उत्तर मिळेल, याचा विचार केला की हा आक्षेप चटकन कळतो. ओकोराफोर यांनी २०१९ मध्ये आपल्या लेखनासाठी ‘आफ्रिकन-जुजुइझम’ हा शब्द पुढे केला, तो याचसाठी. अस्तित्वात असलेल्या श्रद्धा आणि कल्पित यांची आदराने केलेली सरमिसळ, असा त्याचा आशय. तरीही ओयाच्या उपासकाला तिचे नाव भरतकाम केलेल्या पिशवीवर पाहून काय वाटावे, हा प्रश्न उरतोच.

या उत्साहाची वाईट बाजूही दिसली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये आडेयेमी यांनी नोरा रॉबर्ट्स यांच्या आगामी कादंबरीचे शीर्षक आपल्या शीर्षकाशी फार जुळते असे समाजमाध्यमावर सुचवले. चाहते त्या ज्येष्ठ लेखिकेवर तुटून पडले. वास्तविक रॉबर्ट्स यांनी ते शीर्षक आडेयेमींचे पुस्तक बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ठरवले होते. आडेयेमी यांनी पुढे तसे मान्य केले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

आफ्रिकेतच राहणाऱ्या चाहत्यांचे अड्डे वेगळे आहेत. लागोसमध्ये २०१२ पासून कॉमिक कॉन, म्हणजे चित्रकथाप्रेमींचे संमेलन, भरते. अद्भुत आणि विज्ञानसाहित्यासाठीचे नोम्मो पुरस्कार २०१७ मध्ये नायजेरियातल्या आके साहित्य महोत्सवात प्रथम जाहीर झाले. नोम्मो हे मालीतल्या डोगोन लोकांचे जलनिवासी पूर्वज. ‘आमच्या देवांच्या गोष्टी न्यूयॉर्कमार्गे आमच्याकडे का याव्यात’ ही या चाहत्यांची जुनी तक्रार आहे.

मराठी वाचकांचा या साहित्याशी संबंध येतो तो इंग्रजीतूनच. पुराणकथांवर मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारे रिक रायर्डन यांच्या नावाने चालणाऱ्या मालिकेत २०१८ मध्ये महाभारतावर बेतलेली ‘अरू शाह’ आली आणि २०१९ मध्ये अनान्सीला घेऊन आलेला ‘ट्रिस्टन स्ट्राँग’. ही दोन्ही पुस्तके खरे तर किशोरांहून थोड्या लहान मुलांची. पांडवांसाठी पहिले पुस्तक उचलणारे मूल त्याच फळीवरून दुसऱ्याकडे वळते.

सध्या चाहत्यांचे लक्ष आहे ते आडेयेमींच्या कादंबरीवरील चित्रपटाकडे. दिग्दर्शन जीना प्रिन्स-बायथवुड यांचे, झेलीच्या भूमिकेत दक्षिण आफ्रिकेची थुसो म्बेदू. जानेवारी २०२५ मध्ये नटसंच जाहीर झाला तेव्हा दोन गोष्टींवरून वाद पेटला. एक, मुख्य भूमिकांत नायजेरियात राहणारे कोणी का नाही. दुसरी, राजकन्या अमारीसाठी निवडलेली अमांडला स्टेनबर्ग पुस्तकातल्या वर्णनापेक्षा उजळ आहे. ही तीच स्टेनबर्ग, जिने २०१२ मध्ये ‘हंगर गेम्स’ चित्रपटात रू या मुलीची भूमिका केली होती. रू काळी कशी, म्हणून तेव्हा काही प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर थयथयाट केला होता. तो वाचून आलेल्या संतापातूनही आपली कादंबरी सुचली, असे आडेयेमी यांनी सांगितले आहे.