शॅल वी डान्स? (जपानी मूळ चित्रपट, १९९६ आणि अमेरिकन रिमेक, २००४)

शॅल वी डान्स? या नावाचे दोन पिक्चर आहेत आणि दोघांची गोष्ट एकच आहे. पहिला जपानी, जानेवारी १९९६ चा, लेखक-दिग्दर्शक मासायुकी सुओ. दुसरा हॉलिवूडचा, ऑक्टोबर २००४ चा, दिग्दर्शक पीटर चेल्सम, पटकथा ऑड्री वेल्स यांची, आणि मुख्य भूमिकांत रिचर्ड गिअर, जेनिफर लोपेझ, सुसान सरँडन. (फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्सचा १९३७ चा याच नावाचा पिक्चर वेगळा, त्याच्या गोष्टीचा इथे काही संबंध नाही.) नाव आलंय ते रॉजर्स-हॅमरस्टीन जोडीच्या 'द किंग अँड आय' या संगीतिकेतल्या गाण्यावरून. जपानी पोस्टरवर हे नाव अर्धं रोमन अक्षरांत आणि 'डान्स' हा शब्द तेवढा काताकाना लिपीत असं लिहिलेलं आहे, आणि ते मला फार बोलकं वाटतं, कारण "माझ्याबरोबर नाचणार का" हे वाक्य त्या हिरोला स्वतःच्या भाषेत तोंडातून काढणं अवघडच गेलं असतं.

गोष्ट अशी. नोकरी नीट चाललेली, घर झालेलं, बायको-मुलं चांगली, असा एक मध्यमवयीन माणूस रोज संध्याकाळी ट्रेनने घरी जाताना एका डान्स क्लासच्या खिडकीत उभी असलेली उदास बाई बघतो. बरेच दिवस नुसतं बघतो, मग एक दिवस मधल्याच स्टेशनवर उतरतो, जिना चढतो आणि बॉलरूम डान्सच्या क्लासला नाव घालतो, घरी काही न सांगता. तिच्यासाठी म्हणून गेलेला असतो पण ती त्याला लगेच जागा दाखवून देते, शिकवायलाही दुसऱ्याच वयस्कर बाई येतात, आणि तरी तो क्लास सोडत नाही कारण एव्हाना नाचच आवडायला लागलेला असतो. इकडे बायकोला संशय येतो आणि ती डिटेक्टिव्ह लावते. शेवटी स्पर्धा, स्पर्धेत फजिती, मग समेट.

एवढं दोन्हीकडे सारखं आहे, अगदी स्पर्धेत हिरोच्या जोडीदारणीचा ड्रेस फाटतो तेसुद्धा. टक्कल विगखाली लपवून लॅटिन डान्स करणारा ऑफिसातला सहकारी दोन्हीकडे आहे, जाड म्हणून लाजणारा विद्यार्थी आहे, फटकळ पण मनाने चांगली जोडीदारीण आहे, आणि पाळत ठेवता ठेवता स्वतःच नाचाच्या प्रेमात पडणारे डिटेक्टिव्ह लोकही आहेत. म्हणून रिमेक बघताना मूळ पिक्चर आवडणाऱ्या माणसाला पहिला अर्धा तास अगदी ओळखीच्या गल्लीतून चालल्यासारखं वाटतं. फरक लागतो तो नंतर, आणि तो सगळा एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: हा माणूस नाच का लपवतो?

लाज

जपानी पिक्चरमध्ये याचं उत्तर सरळ आहे, लाज वाटते म्हणून. तिथे बॉलरूम डान्सला 'शाको डान्सु' म्हणतात, म्हणजे सामाजिक नृत्य, पण या सभ्य नावामागे बरीच वर्षं संशय होता. महायुद्धानंतर १९४८ मध्ये जो करमणुकीच्या धंद्यांचा कायदा आला (जपानीत थोडक्यात फुएइहो) त्यात बार, जुगारखेळ यांच्याच पंगतीत डान्स हॉललाही बसवलं होतं, म्हणजे परक्या स्त्री-पुरुषांनी एकमेकांना धरून नाचणं हे पोलिसांनी लक्ष ठेवायच्या गोष्टींत मोडत होतं. कायद्यातला नाचाबद्दलचा भाग बदलला तो थेट २०१५ मध्ये, आणि अंमलबजावणी २०१६ मध्ये. पिक्चर आला तेव्हा म्हणजे हे सगळं जिवंत होतं. जिथे तेव्हा नवरा-बायकोसुद्धा सहसा चारचौघांत हात धरून चालत नसत आणि प्रेम आहे असं एकमेकांना तोंडाने सांगत नसत, तिथे परक्या बाईच्या कमरेला हात लावून नाचणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको. मात्र गोव्याच्या किंवा वसईच्या ख्रिश्चन लग्नात आजी-आजोबांना वॉल्ट्झ करताना ज्यांनी बघितलंय त्यांना ही लाज थोडी परकी वाटेल, म्हणजे लाज नाचात नसते, आजूबाजूच्या डोळ्यांत असते.

हिरो शोहेइ सुगियामा हा अकाउंट्समधला सेक्शन हेड, कर्ज काढून शहराबाहेर घर घेतलेला, आणि आता त्या कर्जाचे हप्ते फेडणं म्हणजेच आयुष्य असं झालेला. ही भूमिका कोजी याकुशोने केलीय आणि ती पाठीने केलीय असं मी म्हणेन, सुरुवातीला त्याची पाठ ऑफिसच्या खुर्चीच्या आकाराची झालेली असते आणि पिक्चर पुढे सरकतो तशी ती हळूहळू सरळ होत जाते, कुठेही त्यावर जोर दिलेला नाही, कोणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात येतं. ऑफिसात टेबलाखाली त्याचे पाय स्टेप्स मोजत असतात आणि वरती चेहरा मात्र हिशेबाचा. प्लॅटफॉर्मवर ट्रेनची वाट बघताना तो एकटाच सराव करतो. या सगळ्या जागा हसवतात पण हसू त्याच्यावर येत नाही, उलट आपल्यालाच धाकधूक वाटते की अरे कोणी बघेल.

रिमेकमध्ये गोष्ट शिकागोत आलीय (शूटिंगचा बराच भाग कॅनडातल्या विनिपेगमध्ये झाला) आणि जॉन क्लार्क हा मृत्युपत्रं करून देणारा वकील आहे. आता शिकागोत एखादा वकील नाचायला गेला तर कोणाचं काय बिघडतं? पटकथेला हे कळलेलं होतं, आणि ऑड्री वेल्स यांचं श्रेय इथे मोकळेपणाने द्यायला हवं, की त्यांनी जपानी लाज तशीच उचलून आणली नाही, अमेरिकन माणसाला कशाची लाज वाटेल ते शोधलं. जॉन बायकोला शेवटी जे सांगतो त्याचा अर्थ असा की आपल्याकडे एवढं सगळं असताना मला आणखी सुख हवंय याचीच मला लाज वाटत होती. कल्पना खरंच चांगली आहे. अडचण एवढीच की ती शेवटाकडे वाक्यात येते, आधीच्या दीड तासात ती दिसत नाही, कारण रिचर्ड गिअर पहिल्या फ्रेमपासून देखणा, सुटात शोभणारा आणि दोनच वर्षांपूर्वी 'शिकागो' या संगीतपटात टॅप डान्स करून गोल्डन ग्लोब मिळवलेला माणूस आहे, तो अवघडलाय यावर विश्वास ठेवायला आपल्यालाच मेहनत घ्यावी लागते.

खिडकीतली बाई

जपानी पिक्चरमधली माइ किशिकावा आणि रिमेकमधली पॉलिना (जेनिफर लोपेझ) या दोघी एकाच जागी उभ्या आहेत पण तुलना इथे सगळ्यात अवघड होते. माइचं काम करणारी तामियो कुसाकारी ही व्यवसायाने बॅले डान्सर, पडद्यावर पहिल्यांदाच आलेली. (पिक्चरनंतर सुओ आणि तिने लग्न केलं.) तिला अभिनयाचा सराव नव्हता हे काही जागी जाणवतं, आणि तेच तिच्या अलिप्तपणाला इतकं फिट बसतं की दुसरं कोणी चाललंच नसतं असं वाटतं. इंग्लंडच्या ब्लॅकपूलला बॉलरूमची जगातली सगळ्यात मानाची स्पर्धा भरते, तिथे झालेल्या अपघातानंतर ती जोडीदारावरचा विश्वास गमावून बसलीय आणि वडिलांच्या शाळेत नवशिक्यांना शिकवणं तिला शिक्षा वाटते. सुगियामा तिला जेवायला चला म्हणतो तेव्हा ती नम्रपणे पण स्वच्छ सांगते की तुम्ही माझ्यासाठी क्लासला येत असाल तर मला ते चालणार नाही. हा सीन पिक्चरचा कणा आहे, कारण यानंतर तो येत राहतो तो नाचासाठी, आणि ते पाहून ती बदलते. म्हणजे शिष्यामुळे गुरू सावरते. शेवटी ती त्याला पत्र लिहिते, त्यात हे सगळं येतं.

जेनिफर लोपेझ मुळात डान्सर, टीव्हीवर मागच्या रांगेत नाचून वर आलेली, त्यामुळे तिच्या नाचात खोट काढायला जागा नाही. रिमेकने तिला एक सीन दिलाय जो मूळ पिक्चरमध्ये नाहीच, स्पर्धेच्या आधी रात्री अंधाऱ्या स्टुडिओत गोतान प्रोजेक्टच्या संगीतावर ती आणि गिअर टँगो करतात. बऱ्याच लोकांना रिमेक आठवतो तो या तीन-चार मिनिटांसाठी, आणि सीन सुंदर आहे, मी तो नुसता एक सीन म्हणून पुन्हा पुन्हा बघितलाय. पण पिक्चरच्या आत तो बसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ गोष्टीची सगळी गंमत या दोघांतलं ओढ असलेलं अंतर जपण्यात आहे, आणि टँगो ते अंतर एका झटक्यात संपवतो, मग पुढे "आमच्यात तसं काही नव्हतं" हे खरं असूनही पोकळ वाटतं.

बायको

इथे मात्र रिमेक पुढे आहे. जपानी पिक्चरमधली मासाको (हिदेको हारा) सुरुवातीला नवऱ्याने जरा बाहेर पडावं, मजा करावी असं म्हणणारी, मग शर्टाला अत्तराचा वास येतो म्हणून घाबरणारी, आणि खरं कळल्यावर मनातून जास्तच दुखावलेली, कारण दुसरी बाई असती तर एक वेळ समजलं असतं पण एवढा आनंद माझ्यापासून लपवला हे जास्त लागतं. हारा हे सगळं फार संयमाने करते, पण पिक्चर तिला वेळ कमी देतो. सुसान सरँडनच्या बेव्हर्लीला स्वतःची नोकरी आहे, स्वतःचा राग आहे आणि डिटेक्टिव्हसमोर बारमध्ये बसून लग्न म्हणजे काय यावर बोलायला पूर्ण सीन आहे. जगात अब्जावधी माणसं, त्यात एका माणसाच्या आयुष्याला कोणीतरी साक्षीदार हवा असतो, आणि लग्न करणं म्हणजे तो साक्षीदार व्हायचं वचन देणं, असा तिचा मुद्दा. हे मूळ पिक्चरमध्ये नाही आणि असतं तर बरं झालं असतं.

विगवाल्या सहकाऱ्याच्या बाबतीत मी मूळकडेच झुकेन. स्टॅनली टुची फार मजा आणतो, पण नाओतो ताकेनाकाचा आओकी लॅटिन चॅम्पियन डॉनी बर्न्सचा इतका जीव तोडून भक्त आहे की त्याच्या विक्षिप्तपणाखाली एकटेपणा दिसतो. ताकेनाका आणि फटकळ जोडीदारीण तोयोको झालेली एरिको वातानाबे यांना जपान अकॅडमीचे सहाय्यक भूमिकांचे पुरस्कार मिळाले, मुख्य भूमिकांचे याकुशो आणि कुसाकारीला, शिवाय सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनही याच पिक्चरला.

कोण कोणाला विचारतं

दोन्ही शेवट शेजारी ठेवले की सगळं कळतं. रिमेकमध्ये जॉन टक्सिडो घालून, हातात एकच गुलाब घेऊन, बायको काम करते त्या स्टोअरच्या सरकत्या जिन्याने वर येतो आणि तिला नाचायला विचारतो. मग दोघं पॉलिनाच्या निरोपाच्या पार्टीला जातात. पुढे पीटर गॅब्रिएलचं गाणं आणि बाकी सगळ्यांचं कसं छान झालं याची झलक. डोळे पाणावतात, ते काम ते नीट करतं. प्रश्न नवऱ्याने बायकोला विचारलाय, म्हणजे पिक्चर लग्नाचा झाला.

जपानी पिक्चरमध्ये नवरा-बायको आधीच, घरी, अंगणात नाचलेले असतात, मुलीच्या हट्टामुळे, अवघडत, साध्या घरच्या कपड्यांत. गुलाब नाही, संगीताचा पूर नाही. मला विचाराल तर दोन्ही पिक्चर मिळून सगळ्यात रोमँटिक जागा हीच. त्यानंतर माइच्या निरोपाच्या पार्टीला जायचं नाही असं त्याने ठरवलेलं असतं, पण ट्रेनमधून त्याच खिडकीवर त्याच्या नावाने तो प्रश्न लिहिलेला दिसतो. तो ऑफिसच्याच सुटात हॉलवर पोचतो, आणि शेवटच्या नाचासाठी जोडीदार निवडायची पाळी माइची असते, ती सगळी गर्दी ओलांडून त्याच्यापाशी येते आणि विचारते. इथे प्रश्न गुरूने शिष्याला विचारलाय.

पैशांत तुलनाच नाही. मूळ पिक्चर १९९७ मध्ये अमेरिकेत लागला आणि परभाषेतला असूनही सुमारे ९५ लाख डॉलर कमावले, तर रिमेकने जगभरात जवळपास १७ कोटी. अमेरिकेत मूळ पिक्चर दाखवताना मिरामॅक्स या तिथल्या चित्रपट कंपनीने १३६ मिनिटांचा पिक्चर कापून दोन तासांच्या आत आणला होता, आणि पुढे रिमेकही त्यांनीच काढला. कापाकापीत बाजूच्या पात्रांचं नुकसान जास्त झालं, म्हणून मूळ बघायचा असेल तर लांबी तपासून १३६ मिनिटांचाच बघावा, आणि शक्यतो रिमेकच्या आधी, कारण गिअर-लोपेझ एकदा डोक्यात बसले की प्लॅटफॉर्मवर एकटाच स्टेप्स मोजणारा तो साधा माणूस पहिल्यांदा भेटल्यासारखा भेटत नाही.