ट्रेलरचं अ‍ॅव्हरेज: भरून का रिकामी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या बाहेर चहाच्या गाड्यावर ट्रेलरवाल्यांचा एक वाद कधीच मिटत नाही. "आपली गाडी लिटरला साडेतीनचं अ‍ॅव्हरेज देतीया." "भरून का रिकामी?" इथं पहिला गडी जरा चाचपडतो, आणि भौतिकशास्त्र नेमकं इथूनच सुरू होतं.

माल धरून ४० टनांचा उघडा ट्रेलर सपाट हायवेवर ताशी ६० किलोमीटरनं निघाला, तर त्याला अडवणारं बळ ढोबळमानानं साडेतीन हजार न्यूटन भरतं. यातला दोन तृतीयांश वाटा टायरांचा. रबर रस्त्यावर दबतं, परत फुगतं आणि या खटाटोपात ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. हवा कमी असली तर दबणं आणखी वाढतं. उरलेला वाटा वाऱ्याचा. त्याला वजनाशी काही देणंघेणं नाही. त्याचं गणित वेगाच्या वर्गाशी बांधलेलं. साठाचे ऐंशी केले की वारा पावणेदोनपट अडवतो.

म्हणून माल उतरवून १५ टनांवर आलेली गाडी डिझेलही तेवढ्याच प्रमाणात कमी पिईल, हा भ्रम. सपाटीवर तिला भरलेल्या गाडीच्या निम्म्याहून जास्तच लागतं, कारण वारा पूर्वीइतकाच समोर उभा असतो. मग ३० टन माल घेऊन लिटरला ३ किलोमीटर जाणारी गाडी चांगली, की १५ टन माल घेऊन ४ जाणारी? पहिली एका लिटरमध्ये ९० टन-किलोमीटर (मालाचे टन गुणिले अंतर) वाहतूक करते, दुसरी ६०. चहाच्या गाड्यावर जिंकते मात्र दुसरी!

उघड्या ट्रेलरची आणखी एक गंमत म्हणजे त्याचा आकार रोज बदलतो. आज लोखंडी पत्र्याची बुटकी गुंडाळी, उद्या केबिनपेक्षा उंच मशीन. केबिनच्या टपावर वारा वर ढकलणारी कमान बसवतात, ती मागं बंद उंच पेटी असेल तर कामाची. मागं बुटका माल असेल तर तीच कमान स्वतः वारा अडवत बसते. अमेरिकेत फ्लॅटबेडसाठी बुटक्या टपाची केबिन बरी मानतात ती यामुळंच. फडफडणारी सैल ताडपत्रीही डिझेल खाते. दोर आवळायला तर पैसेही पडत नाहीत.

आणि घाट. ४० टन १०० मीटर वर चढवायला सुमारे ३ लिटर डिझेल जळतं. उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं, पण ब्रेक दाबला की ते ब्रेकचे ड्रम तापवण्यात जातं. कोल्हापूर आणि पुणे दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, त्यामुळं जाता-येता चढउताराचा हिशेब जवळपास सारखा पडतो. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराची गोष्ट वेगळी, ते समुद्राकाठी. कोल्हापूरहून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) घेऊन बंदरावर उतरणारा ट्रेलर आणि तिथून तेवढंच वजन भरून वर येणारा ट्रेलर, गाडी तीच, चालक तोच. तरी परतीच्या वाटेवर नुसत्या उंचीपायी सुमारे साडेसोळा लिटर जादा जातात, आणि मालकाच्या वहीत ते चालकाच्या नावावर चढतात.