पेट्रोल भरलं की गाडी बंद पडते? रिकॉलची मागणी कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांवर करायची

टाकी फुल केली, पैसे दिले, सेल्फ मारला. गाडी घरघरली आणि बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. मागच्यांचे हॉर्न सुरू, पंपावरची दोन माणसं गाडी ढकलून बाजूला लावतात आणि दहा मिनिटांनी ती काही घडलंच नाही अशी चालू होते. दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरला न्यावी, तर तोवर टाकी अर्धी झालेली असते. गाडी शहाण्यासारखी चालते आणि जॉब कार्डावर शेरा पडतो : 'दोष आढळला नाही'.

त्याच मॉडेलच्या आणखी शंभर मालकांच्या जॉब कार्डांवर हाच शेरा असेल, तर कागदोपत्री त्या शंभर गाड्या ठणठणीत असतात. रिकॉलच्या, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने परत बोलावून दोष दूर करावा अशा, मागण्या बहुतेक इथेच अडकतात. म्हणून अर्ज कुठे करायचा याच्या आधी दोष कसा नोंदवायचा ते पाहू.

दोष गाडीचा की पेट्रोलचा?

पेट्रोल गाडीच्या टाकीत तयार होणारी वाफ थेट हवेत सोडता येत नाही. ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये साठते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून तिथून इंजिनात ओढली जाते. पेट्रोल भरताना टाकीतली वाफ कॅनिस्टरकडे रेटली जाते, तेव्हा हा व्हॉल्व्ह मिटलेला हवा. तो उघडाच अडकला असेल, तर सेल्फ मारताक्षणी वाफेचा लोंढा इंजिनात शिरतो, हवेच्या मानाने इंधन जास्त होतं आणि इंजिन गुदमरतं. ॲक्सिलरेटर दाबून सेल्फ मारला की गाडी कशीबशी चालू होते, पेट्रोलचा वास येतो आणि त्रास फक्त टाकी भरल्यावरच होतो, या तीन खुणा एकत्र दिसल्या तर संशय तिकडेच जातो. गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी ०४९६ (नको तेव्हा वाफ वाहते आहे) किंवा पी ०१७२ (मिश्रणात इंधन जास्त) असे कोड दिसू शकतात. कोड पुसण्याआधी त्याची छापील प्रत मागा. नंतर मागून मिळत नाही.

आता एक कडू गोष्ट. नॉझल 'टक' करून थांबल्यावरही 'दोन हजार पूर्ण करा' म्हणत आणखी पेट्रोल कोंबायची आपली सवय याच कॅनिस्टरचा घात करते. वाफेसाठी असलेल्या डब्यात पातळ पेट्रोल गेलं की कोळसा भिजतो आणि दोष खरोखर मालकाचा ठरू शकतो. कंपनीचा वकील हा प्रश्न विचारणारच. त्यामुळे पहिल्या ऑटो-कटला थांबा आणि बिल ठेवा. १,९८६ रुपये ४० पैसे असला बेढब आकडा हा तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे.

दुसरी शक्यता पंपावरच्या इंधनाची. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर खाली बसतो आणि गाडीचा फ्युएल पंप तळातूनच ओढतो. अशा वेळी त्याच दिवशी त्याच पंपावर भरलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बंद पडतात. हे प्रकरण रिकॉलचं नव्हे, पंपाचं आणि तेल कंपनीचं आहे. ग्राहकाने मागितली तर फिल्टर पेपर चाचणी, घनता तपासणी आणि पाच लिटरच्या मापाची तपासणी पंपाला फुकट करून दाखवावी लागते. फिल्टर पेपरवर दुसऱ्या तेलाची भेसळ डाग ठेवते, पाणी मात्र त्यात कळत नाही, त्यामुळे टाकीत पाणी असल्याची शंका असेल तर तसं स्पष्ट सांगून तपासणी मागा आणि तक्रारवहीत लिहा. डिझेल गाडीत वर सांगितलेली कॅनिस्टरची व्यवस्था नसते. ती भरल्याबरोबर बंद पडली तर आधी इंधनाकडेच पाहावं.

दोन्हीतला फरक कळण्यासाठी पुढचे चार-पाच वेळा पेट्रोल वेगवेगळ्या पंपांवर भरा, कधी अर्धी टाकी, कधी फुल. तारीख, पंप, लिटर, ओडोमीटर आणि काय झालं हे वहीत टिपा, जमलं तर डॅशबोर्ड दिसेल असा व्हिडिओ घ्या. पंप कुठलाही असो, गाडी फुल टाकीलाच रुसते हे त्या वहीतून दिसलं, तर अर्ध्याहून जास्त काम झालं.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आलं. त्याखाली केंद्र सरकार उत्पादकाला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. प्रक्रिया केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२७-सी मध्ये आहे आणि ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली.

आदेशासाठी दोन अटी आहेत. दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका हवा. आणि तो दोष ठरावीक टक्के मालकांनी, एखाद्या चाचणी संस्थेने (पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक) किंवा 'अन्य कोणत्याही स्रोताने' सरकारला कळवलेला हवा. टक्केवारी गाडीच्या प्रकारावर आणि वार्षिक विक्रीवर ठरते. वर्षाला ५०० पर्यंत खपणाऱ्या कारसाठी ती २० टक्के आहे, खप वाढेल तसं प्रमाण उतरतं. कायदा मालक मोजतो, तक्रारी नाही. एकाच माणसाने वैतागून दहा वेळा तक्रार केली तरी मालक एकच.

धोक्याची अट जास्त महत्त्वाची. 'पंपावर गाडी चालू होत नाही' ही गैरसोय झाली. 'पंपातून बाहेर पडून महामार्गाला लागताना इंजिन बंद पडलं, स्टीअरिंग जड झालं, दोनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल कडक झालं, मागून ट्रक येत होता' हा धोका झाला. असं घडलं असेल तरच लिहा, पण घडलं असेल तर वेग आणि ठिकाणासकट लिहा. वाफ किंवा इंधन बाहेर गळत असेल तर पर्यावरणाचा मुद्दाही त्याच अर्जात बसतो. बरेच जण तो विसरतात.

आदेश निघाला तर उत्पादकाला दुरुस्ती करून देणं, तितकीच किंवा जास्त चांगली दुसरी गाडी देणं किंवा पूर्ण किंमत परत करणं यांपैकी एक करावं लागतं, वर दंड. दंडाची रक्कम गाड्यांच्या संख्येनुसार १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केलं तर हा दंड लागत नाही. तक्रारींचा ढीग वाढू लागला की कंपन्या स्वतःहून हलण्याचं हे एक कारण. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने फ्युएल पंपाच्या शंकेवरून वॅगन आर आणि बलेनोच्या मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या. होंडाने त्याच्या आदल्या महिन्यात ६५,६५१ गाड्या त्याच भागासाठी बोलावल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये मारुतीने पुन्हा सुमारे १६ हजार गाड्या फ्युएल पंपाच्या मोटरसाठी बोलावल्या. ही सगळी स्वेच्छेची रिकॉल होती.

कोण पात्र

गाडी सात वर्षांपेक्षा कमी वयाची हवी आणि तक्रारदार नोंदणीकृत मालक हवा. सेकंड हँड गाडी घेतली असेल आणि आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर आधी फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. भाऊ गाडी चालवतो, आरसी वडिलांच्या नावावर आहे, अशा घरांत तक्रार वडिलांच्या नावाने जाईल. कर्ज फिटलेलं नसेल तरी तक्रार करता येते. फक्त किंमत परत मिळण्याची वेळ आली तर ती बँकेच्या बोज्याच्या अधीन राहून मिळेल.

एक गोष्ट आधी तपासा. तुमच्या गाडीसाठी रिकॉल आधीच जाहीर झालेलं असू शकतं. कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी चासी क्रमांक टाकला की बहुधा कळतं. तसं असेल तर अर्जाची भानगडच नाही, थेट सर्व्हिस सेंटर गाठा. त्या कामाचे पैसे घेत नाहीत.

कागद

आरसी, खरेदीचं बिल, विमा, वॉरंटीचं पुस्तक, मालकाचं ओळखपत्र हे सगळ्यांकडे असतं. खरं वजन जॉब कार्डांना आहे आणि तिथेच आपण घाई करतो. गाडी जमा करताना सर्व्हिस ॲडव्हायझर तुमचं म्हणणं टाइप करतो, बहुधा 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' इतकंच. तिथे थांबवा. 'टाकी फुल केल्यावर लगेच इंजिन बंद पडते, तारीख अमुक, आजवर चार वेळा' असं लिहून घ्या, वाचा आणि मगच सही करा. तो नाही म्हणाला तर त्याच संध्याकाळी सर्व्हिस सेंटर आणि कंपनी दोघांना तोच मजकूर ईमेल करा. शक्य असेल तर टाकी तिथल्या जवळच्या पंपावर भरून गाडी तशीच आत न्या. दोष त्यांच्या डोळ्यांसमोर घडला की शेरा बदलतो.

बाकी, पेट्रोलची बिलं, वही, व्हिडिओ, स्कॅनरची प्रत आणि टोइंगच्या पावत्या एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. पंपाची पावती थर्मल कागदावर असते, चार महिन्यांत कोरी होते. त्याच दिवशी फोटो काढा.

तक्रार कुठे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर वाहन रिकॉलचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे मालकाने ऑनलाइन तक्रार नोंदवायची. नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि चालू मोबाइल नंबर हाताशी ठेवा. आरटीओत चकरा मारायची गरज नाही. वर्णनात एकच दोष लिहा. एसी, टचस्क्रीन, डीलरची उर्मट भाषा हे सगळं त्यात घातलं की मूळ तक्रार हरवते. एकाच मॉडेलच्या मालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर लक्षणाला सगळ्यांनी एकच नाव द्या, पण मजकूर प्रत्येकाने आपापला लिहा. चिकटवलेले परिच्छेद लगेच ओळखू येतात. तक्रारीचा क्रमांक जपा. तुमच्या मॉडेलबद्दल किती तक्रारी नोंदल्या गेल्या हे मंत्रालयाला माहिती अधिकारात विचारता येतं, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

सरकारचा आदेश येईपर्यंत वाट पाहायची सक्ती नाही. स्वतःचं नुकसान भरून हवं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा रस्ता वेगळा आणि समांतर आहे. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. कंपनीचं मुख्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. शुल्क ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २००, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर 'पुढच्या अपडेटमध्ये होईल' म्हणत राहतो आणि ही दोन वर्षं कधी सरतात ते कळतही नाही. अर्ज ऑनलाइन होतो : आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. सोबत प्रतिज्ञापत्र, कागदांची सूची आणि कंपनीला पाठवलेल्या नोटिशीची पोचपावती जोडा. दोष डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करवू शकतो, त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. निकालाची कायद्यातली मुदत एरवी तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, हे धरूनच चाला.

ग्राहक आयोगातून टॅक्सीवाल्यांना 'व्यावसायिक वापर' म्हणून परत पाठवलं जातं. स्वतः चालवून पोट भरत असाल तर कायद्याच्या स्पष्टीकरणात तुम्ही ग्राहकच आहात. त्या कलमाचा, २(७) चा, उल्लेख अर्जात करा. एकाच दोषाचे अनेक मालक असतील तर कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रार चालवता येते.

तिसरं दार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं. धोकादायक माल परत बोलावण्याचा आणि किंमत परत करवण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यालाही आहे. ग्राहकांच्या समूहाच्या हिताची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देऊनही तिथवर पोचते. मालकांनी सहीनिशी एकत्र निवेदन द्यायचं असेल, तर मोर्चापेक्षा ही खिडकी बरी.

तक्रार चालू असताना गाडी विकायची झाली तर दोष लपवू नका. वही आणि जॉब कार्डांच्या प्रती नव्या मालकाला द्या आणि त्यांची पोच लेखी घ्या. नाव बदललं की पोर्टलवर पुढची तक्रार त्यालाच करावी लागेल.