जमीन पोखरणारे राक्षस आले कुठून?

हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज आल्याच्या बातम्या गेली काही वर्षं येत आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी तर ४.५ तीव्रतेचा धक्का परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. केंद्र उथळ असलं की बारीकसा धक्काही कानाला ऐकू येतो, हे भूकंपशास्त्राचं उत्तर आहे आणि ते बरोबरच आहे. पण आवाज पायाखालून येतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, नेमक्या याच अवस्थेत माणसाने जमिनीखाली जनावर कल्पिलं. भयकथा आणि अद्भुतकथांतल्या भुयारी राक्षसांचं मूळ इतकं मागे जातं.

सगळ्यात जुनं जनावर भार वाहणारं. रामायणाच्या बालकांडात सगराचे साठ हजार पुत्र यज्ञाचा घोडा शोधत पृथ्वी खणत जातात. खाली त्यांना विरूपाक्ष हा दिग्गज दिसतो. डोक्यावर पृथ्वी पेलून थकलेला तो हत्ती मान हलवतो, तेव्हा भूकंप होतो. आपल्याकडे शेषही तेच काम करतो. जपानमध्ये ते नामाझू नावाच्या अजस्र माशाकडे आहे. १८५५ च्या एदोच्या भूकंपानंतर त्याची चित्रं तिथे भराभर छापली गेली. हत्ती किंवा शेष मुद्दाम कुणाच्या वाटेला जात नाहीत. त्यामुळे त्यांची भीती वाटते, पण त्यांना राक्षस म्हणवत नाही.

सूड आला तो नांगरामागून. नागपंचमीची कहाणी घराघरात ठाऊक आहे. शेतकरी नांगरत असताना फाळ वारुळात घुसतो आणि नागिणीची पिल्लं मरतात. नागीण फाळाचं रक्त पाहते, रात्री त्याच्या घरी येते आणि एकेकाला डसते. एवढ्यावर तिचं भागत नाही. सासरी नांदणाऱ्या लेकीलाही डसायला ती निघते. तिथे लेकीने पाटावर नाग काढलेला असतो, दुधाचा नैवेद्य दाखवलेला असतो. नागीण शांत होते, अमृत देते आणि माहेर पुन्हा उठून बसतं. म्हणूनच त्या दिवशी नांगर धरायचा नाही, कुदळ मारायची नाही, विळीवर काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडूनच खायची.

माझ्या मते भुयारी राक्षसाच्या कथेचा पुरा सांगाडा इथेच तयार आहे. माणूस जमीन उघडतो, खालच्याचं घर मोडतं, आणि खालचं वर येऊन माणसाच्या घरात शिरतं. पुढच्या लेखकांनी नांगराच्या जागी खाण आणली, ड्रिल आणलं, अणुचाचणी आणली. नागिणीला मात्र दुःख होतं. नंतरच्या बहुतेक राक्षसांना नुसती भूक आहे, आणि ही मला मोठी घट वाटते.

सायबेरिया आणि युरोपकडे वाट वेगळी होती. सायबेरियात नदीकाठच्या गोठलेल्या मातीतून मॅमथचे, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीसारख्या प्राण्याचे, सुळे निघत, तेव्हा हा उजेड लागताच मरणारा जमिनीखालचा प्राणी असावा, असं लोक मानत. १८९५ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने 'द टाइम मशीन' या कादंबरीत दूरच्या भविष्यात जमिनीखाली यंत्रं चालवणारे मॉरलॉक रंगवले. ते राबणाऱ्या वर्गाचे वंशज असल्याने भीतीत अपराधाची भावना मिसळली.

या राक्षसांचा सर्वांत ओळखीचा नियम मात्र गांडुळाचा आहे. डार्विनने १८८१ च्या पुस्तकात गांडुळांवरचे प्रयोग नोंदवले. शेजारी पियानो कितीही जोरात वाजवला तरी गांडुळं ढिम्म होती. कुंड्या पियानोवरच ठेवून एक स्वर छेडला, तशी ती झटकन बिळात गेली. त्यांना आवाज कळत नव्हता, हादरा कळत होता. हीच गोष्ट कथेत उलटी झाली आणि हादऱ्याकडे धावून येणारा प्राणी तयार झाला. १९६५ च्या 'ड्यून' कादंबरीतला वाळूतला अजस्र किडा तालबद्ध हादऱ्याकडे ओढला जातो, म्हणून वाळवंटातली माणसं मुद्दाम बेताल चालतात. १९९० च्या 'ट्रेमर्स' चित्रपटात माणसं खडकावर चढून जीव वाचवतात. साधं चालणंही जिवावर बेतू शकतं, हे एकदा पटलं की वाचक पाय उचलायला घाबरतो. मधल्या काळात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातही जांभळा किडा आणि जमीन चिरत येणारा ब्युलेट आले. ब्युलेटचं रूप तर एका स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून घेतलेलं होतं.

मराठवाड्यातल्या लेखकाने यात उतरायचं तर एक पथ्य पाळावं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर झोपलेली गावं, दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेलेली हजारो माणसं. किल्लारी परिसराला आदल्या वर्षीपासून हादरे बसत होते, तरी भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या मृत्यूंचं खापर एखाद्या काल्पनिक किड्यावर फोडू नये. त्यातून वाचलेले लोक अजून हयात आहेत.

त्यापेक्षा बोअर घ्यावा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यांची गोष्ट. पाणाड्या नारळ घेऊन जागा दाखवतो, रात्री बोअरची गाडी शेतात येते, काळी माती संपून खडक लागतो, पांढरी भुकटी उडत राहते, पाणी काही लागत नाही, आणि मालक कर्जाच्या पैशातून आणखी शंभर फूट जायला सांगतो. हॅमर तासन् तास एकाच ठेक्यात खडकावर आपटत असतो. नागपंचमीच्या कहाणीतला फाळ वीतभर खोल गेला होता.